तीस जूनचा कोट

३० एप्रिल २०२५, बुधवार

आज श्रीकांत निवृत्त झाला. तीस एप्रिल, जबलपूर, बाहेर बेचाळीस अंश, आणि हा माणूस निरोप समारंभाला काळा लोकरी थ्री-पीस घालून आला. आत वेस्टकोट, गळ्यात टाय, वर झेंडूचा हार. भाषणाची दोन वाक्यं झाली आणि घाम पुसायला रुमाल काढला, तो शेवटपर्यंत हातातच राहिला. बायकांना वाटलं, गहिवरून आलंय.

डाव्या बाहीवर कंपनीचं लेबल तसंच टाचलेलं. पाठीमागच्या चिरेवर पांढऱ्या दोऱ्याचा फुलीटाका, तोही तसाच. दुकानातून घरी नेताना घडी मोडू नये म्हणून तो असतो आणि घालण्याआधी काढायचा असतो. साठ वर्षं जगून माणसाला एवढं कळू नये. मी शेजारच्या योगेशला हे हळू आवाजात सांगितलं. हळू म्हणजे तिसऱ्या रांगेला ऐकू जाईल इतपत. लोक हसले. श्रीकांतनं एकदा बाहीकडे पाहिलं आणि हात टेबलाखाली घेतला.

आमच्याकडे रिवाज असा की निवृत्त माणसाला उघड्या जीपमध्ये बसवून ढोल वाजवत घरी पोचवायचं. जीप निघाल्यावर योगेश सगळ्यांदेखत म्हणाला, "सर, अब अगला नंबर आपका. तीस जून. आप क्या पहनेंगे?" आणि अख्खं ऑफिस माझ्याकडे बघायला लागलं. चौतीस वर्षं मी या लोकांच्या खांद्यांच्या, बाह्यांच्या, बटणांच्या चुका दाखवत आलो. आता ते वाट बघतायत. तीस जूनला माझ्या अंगावर काय येतं ते बघायचं चुकू नये म्हणून हे लोक अर्ध्या दिवसाची रजासुद्धा टाकणार नाहीत.

खरं म्हणजे माझा जन्म पौषातला, जानेवारीतला. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोपं पडतं म्हणून एक जुलै लिहून टाकलं. अर्ध्या जबलपूरचा वाढदिवस एक जुलैला असतो तो यामुळेच. खरी तारीख लिहिली असती तर मी जानेवारीअखेर निवृत्त झालो असतो, ऐन कोटाच्या दिवसांत. त्या गुरुजींपायी मला चिकचिकत्या उकाड्यात कोट घालायचा आहे.

ऑफिसची ही डायरी कोरीच पडली होती. दोन महिने लिहीन म्हणतो.

३ मे, शनिवार

सकाळभर विचार केला. लोकर बाद. मखमल लग्नातल्या नवरदेवाच्या मामांसाठी. पितळी बटणांचा ब्लेझर घातला की बँडवाले आपल्याला त्यांच्यातलाच समजतात. बंद गळ्याचा कोट चांगला, पण त्यावर हार पडला की माणूस नगरसेवक दिसतो. सफारी हा कपडाच नाही. राहता राहिला उघड्या कॉलरचा साधा दोन बटणी कोट, फिका करडा, हलक्या कापडाचा. दिवसाचा कार्यक्रम आहे, तेव्हा काळा किंवा गडद निळा नको. खालचं बटण लावायचं नाही. शर्टाची बाही कोटाबाहेर अर्धा इंच दिसली पाहिजे. हे आमच्या ऑफिसात मी सोडून कोणाला ठाऊक नाही.

संध्याकाळी मॉलमधल्या दुकानात जाऊन आलो. विकणारा पोरगा मला 'अंकल' म्हणाला आणि जांभळा चमकता कोट पुढे केला. मी बेचाळीस नंबर मागितला. तो अंगावर पोत्यासारखा लोंबला. हल्ली हे लोक नंबरातसुद्धा खोटेपणा करतात, चव्वेचाळीसवर बेचाळीसची चिठ्ठी लावतात. बाहेर येऊन दोन ग्लास उसाचा रस प्यालो तरी घसा कोरडाच. यंदा उन्हाळा कडक आहे.

६ मे, मंगळवार

शेवटी अधारतालला डोमाजीकडेच गेलो. माझ्या लग्नाचा कोट त्यानं शिवला होता, त्यानंतरचे दोन्हीही त्यानंच. त्याचे वडील भंडाऱ्याहून इथल्या फॅक्टरीत आले, हा कात्री घेऊन रस्त्याकाठी बसला. आता सत्तरीला आला असेल. दुकान अजून तेच, एक मशीन, एक टेबल, कोपऱ्यात माठ. भिंतीवर निळ्या कोटातला बाबासाहेबांचा फोटो. कोट कसा घालावा ते फोटोकडे पाहून समजते, असं डोमाजी मागे एकदा म्हणाला होता. त्यावर मी काही बोललो नव्हतो, कारण फोटोतला खांदा खरोखरच बरोबर बसलेला आहे.

डोमाजीच्या दुकानात मी पाणी पीत नाही. तसं काही नाही, सवय नाही इतकंच. माझी बाटली मी बरोबर नेतो.

त्यानं मापाची जुनी वही काढली. त्र्याण्णव साली छाती छत्तीस. दोन हजार चारला एकोणचाळीस. सोळा साली बेचाळीस. मग फीता लावला, आणि पुन्हा लावला.

"चाळीस," तो म्हणाला. "साहेब, वजन उतरलं काय?"

"रोज सकाळी चालतो मी," मी म्हणालो. "तुम्ही लोक बसून खाता, म्हणून तुम्हाला नवल वाटतं."

त्यानं फीता गुंडाळला. वहीत लिहिलं आणि खाली तारीख टाकली. कापडाचं विचारलं तर मी लिनन म्हणालो. "लिनन नका घेऊ जी," म्हणाला. "जीपमध्ये बसल्याबरोबर चुरगळते. घरी उतरसान तेव्हा झोपून उठल्यासारखा दिसन कोट. पातळ विणीची हलकी लोकर घ्या, घडी धरते. अस्तर खांद्यापुरतं लावतो, पाठ उघडी ठेवतो. हवा खेळते." लोकर म्हटल्यावर मी त्याला चांगलं झापलं. मग त्यानं तुकडा हातात दिला. आरपार उजेड दिसत होता. मी तेच घ्यायचं ठरवलं. माझ्याही मनात आधीपासून तसंच काहीसं होतं.

१४ मे, बुधवार

बाथरूममध्ये मुंग्यांची रांग लागली आहे. प्रतिमाला सांगितलं, तुझं घराकडे लक्ष नाही. ती म्हणाली, "मी रोज फिनाईल टाकून राहिली. पहिले नव्हत्या मुंग्या." एकतीस वर्षांच्या संसारात तिनं चूक एकदाही कबूल केलेली नाही.

आंबे सुरू झाले. जेवण मी दणकून करतो, चार पोळ्यांच्या सहा झाल्यात, आणि तरी पँट ढिली होते आहे. पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडलं. ऑफिसातले आमचे तिशीतले पोरगे टेबलाच्या ड्रॉवरला पोट लावून बसतात, आणि मी साठीत सडसडीत झालो आहे. हे योगेशला सांगितलं तर म्हणाला, "सर, चेहरा थोड़ा उतर गया है आपका." मत्सर, दुसरं काही नाही. या योगेशची आजी वर्ध्याची. घरात मराठी कळते, पण तोंडातून एक शब्द निघत नाही. असल्या माणसाकडून मी माझ्या चेहऱ्याबद्दल ऐकून घ्यायचं.

२२ मे, गुरुवार

पहिली ट्रायल. पांढऱ्या दोऱ्यानं टाचलेला कच्चा कोट अंगावर चढवला आणि आरशात पाहिलं, तर दुसऱ्याचा कोट मागून आणल्यासारखा. छातीवर हवा, खांद्याची शिवण दंडावर उतरलेली. पन्नास वर्षं कात्री चालवून डोमाजीला आता डोळ्यांनी दिसत नाही, हे उघड आहे. मी ते त्याला तसंच सांगितलं.

त्यानं फीता काढला. "साडेअडतीस."

"मग तेव्हाचं माप चुकलं."

"फीता तोच आहे साहेब. हात बी तोच आहे."

घशाला इतका शोष पडला होता की बोलवेना. बाटली तर अधारतालला पोचेपर्यंतच संपली होती. डोमाजीनं माठातलं पाणी पुढे केलं. मी प्यालो. मग आणखी दोन ग्लास प्यालो. उन्हाळ्यात नाइलाज असतो. चौथा ग्लास त्यानं न विचारता भरला आणि माझ्याकडे असा बघत राहिला की मला राग आला.

"साहेब, एक डाव डॉक्टरले दाखवून घ्या."

शिंप्यानं शिंप्याचं काम करावं. मी म्हणालो, "तुम्ही आधी खांदा नीट बसवा." तो 'हो जी' म्हणाला आणि खडूनं खुणा करत बसला. निघताना पाहिलं, तर वहीत साडेअडतीसच्या खाली त्यानं पुन्हा तारीख लिहिली होती. एका कोटासाठी दोनदा तारखा टाकायचा हा काय प्रकार?

३१ मे, शनिवार

चष्म्याचा नंबर बदललेला दिसतो. फाईलवरची अक्षरं तरंगतात. चष्मेवाल्यानं मागच्याच वर्षी भलता नंबर दिला असणार, या शहरात कुणालाच आपलं काम येत नाही.

योगेशनं विचारलं, "सर, बिदाई में कौन सी मिठाई रखें?" मी सांगितलं, खोव्याची जलेबी. आमच्या जबलपूरची तेवढी एकच गोष्ट बिनचूक आहे.

श्रीकांत सिविल लाइंसला चौकात भेटला. बुशशर्ट, चप्पल. मला पाहून रस्ता ओलांडून पलीकडे गेला. निवृत्त झाल्यावर लोकांची रीतभातही जाते.

९ जून, सोमवार

आज घरी आल्याआल्या डायरी उघडली. संतापानं.

दुसरी ट्रायल. पुन्हा ढिला. डोमाजीनं माप घेतलं, सदतीस. "अठरा दिवसांत दीड इंच," म्हणाला आणि फीता हातात धरून तसाच उभा राहिला. मी कोट काढून उलटा केला, म्हटलं आतलं काम तरी बघावं. बघतो तर बगलेखाली, बाजूच्या शिवणीत, पाठीच्या मधल्या शिवणीत, सगळीकडे जास्तीचं कापड घडी घालून दाबलेलं. बोटभर जाडीच्या वळकट्या. असलं काम खेड्यात पोरांच्या गणवेशात करतात, पोरगं वाढेल म्हणून. साठ वर्षांच्या माणसाच्या कोटात आत कापड ठेवतात का?

"हे कापून टाका," मी म्हणालो. "पाठीवर उभी रेघ दिसते. माझ्या ऑफिसची माणसं आंधळी नाहीत."

"घेतो आत साहेब, चांगला चोपून घेतो. पण कापत नाही."

"काहून?" त्याच्याशी बोलताना माझ्याही तोंडी येतं ते.

"राहू द्या जी. मी कापत नाही."

"कोट माझा आहे, डोमाजी."

"कोट तुमचाच आहे. दुसऱ्याकडून कापून घ्या. माझी कात्री नाही लागणार." आवाज न चढवता म्हणाला. आणि वर, "रक्त तपासून घ्या साहेब. मी हात जोडतो."

अडाणी, अडेलतट्टू माणूस. दोन चार माणसांचे कोट बरे जमले म्हणून स्वतःला काय समजतो? मी पायऱ्या उतरलो तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली आणि स्कूटरला धरून थोडा वेळ उभा राहिलो. तो दुकानाच्या दारात आला होता. मी मागं वळून पाहिलं नाही.

१० जून, मंगळवार

डोमाजीनं घरी फोन केला. प्रतिमाला. मापाच्या वहीत घरचा नंबर आहे म्हणे.

सकाळी चहा देताना प्रतिमा म्हणाली, "चलो, आज लॅबमध्ये जाऊ. मी आलोकले विचारलं, तो सात वाजता उघडते." आलोक म्हणजे आमच्या चेरीतालच्या नाक्यावर रक्त काढणारा पोरगा. म्हणजे शिंपी, बायको आणि नाक्यावरचा पोरगा, तिघांनी मिळून माझा निकाल लावला. मी म्हणालो, वीस दिवस राहिलेत, मला सुया टोचून घ्यायला वेळ नाही, आणि त्या डोमाजीला काय कळतं?

प्रतिमा सहसा बोलत नाही. आज बोलली. "तुम्ही काहून एवढे चिडून राहिले? त्यानं तीन वेळा मोजलं. मी रोज पाहून राहिली. तुमच्या गळ्याची हाडं वर आली." मग म्हणाली, "श्रीकांतभाऊंनी तो ऊनी कोट काहून घातला होता, माहीत आहे तुम्हाले? त्यांच्या पोराले डिसेंबरात नोकरी लागली. पहिल्या पगारातून आणला होता त्यानं. भाऊंनी रिटायरमेंटसाठी ठेवून दिला होता. लेबलसुद्धा काढलं नाही, पोराच्या हातचं म्हणून. वहिनींनी मले सांगितलं. रडून राहिल्या होत्या."

मी म्हणालो, मग पोराला ऋतूचं शिकवायला हवं होतं.

ती उठून आत गेली. लॅबमध्ये मी गेलो नाही. मात्र दिवसभर तो टेबलाखाली गेलेला हात आठवत राहिला, आणि त्याचाही राग आला.

२० जून, शुक्रवार

हे दवाखान्यातून लिहितो आहे. प्रतिमानं डायरी आणून दिली.

मंगळवारी मी डोमाजीकडून अर्धवट कोट उचलून दुसऱ्या कुणाकडून कापून घ्यायला निघालो होतो. अधारतालच्या रस्त्याला त्याच्या दुकानासमोर स्कूटर उभी केली इथपर्यंत आठवतं. मग जमीन वर आली. पुढचं तुकड्यातुकड्यांनी. ई-रिक्षा. पत्र्याचा खडखडाट. डोमाजीचा हात माझ्या पाठीमागून दंडाला घट्ट धरलेला, आणि त्याच्या गळ्यात फीता तसाच लटकलेला. तो लोकांना सांगत होता, "ज़रा हटो भैया, साहेबांना जाऊ द्या."

साखर पाचशे बारा. इथल्या डॉक्टर वैभवी म्हणून एक पोरगी आहे. तिचा पांढरा कोट तिच्या मापापेक्षा दोन नंबर मोठा, बाह्या दुमडलेल्या, खिशाला शाईचा डाग. तिनं मला विचारलं, तहान किती दिवसांपासून आहे? लघवीला किती वेळा जाता? वजन कधीपासून उतरतंय? मुंग्या दिसल्या का? मी उत्तरं देत गेलो आणि तसतसं मला ऐकू येत गेलं, मी काय सांगतो आहे ते. ती म्हणाली, "आठवडाभर अजून काढला असता ना अंकल, तर उठला नसता." चांगलं मराठी बोलते. नागपूरची असावी.

मला घातलेला दवाखान्याचा झगा पाठीमागून उघडा आहे आणि दोन नाड्यांनी बांधतात. सबंध जबलपुरात इतका वाईट बेतलेला कपडा मी पाहिलेला नाही. प्रतिमाला हे म्हणालो तर ती आधी हसली आणि मग पदर तोंडाला लावून बराच वेळ रडली. मी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला.

डोमाजी दुकान उघडं टाकून आला होता. प्रतिमा येईपर्यंत बाकावर बसून होता, असं कळलं.

२५ जून, बुधवार

काल घरी आलो. सकाळ-संध्याकाळ पोटाला सुई. प्रतिमा शिकली, हात अजिबात कापत नाही तिचा. दोन फुलके, कारलं, मोजून भात. आंबे शेजाऱ्यांकडे गेले. बाथरूममध्ये मुंग्या नाहीत.

योगेशचा फोन आला. "सर, प्रोग्राम आगे बढ़ा दें क्या?" मी म्हणालो, सरकार तारीख पुढे ढकलतं का? मग तो म्हणाला, "सर, तब्येत सांभाळा." मराठीत. बोलता येतं म्हणजे त्याला. इतकी वर्षं मला भिऊन बोलत नव्हता, असं प्रतिमाचं म्हणणं आहे. मी त्याच्या मराठीला दोनदा हसलो होतो म्हणे.

कोट डोमाजीकडे आहे. जायला तोंड नाही.

२८ जून, शनिवार

प्रतिमानं रिक्षा बोलावली आणि मला त्यात बसवलं. "जा," एवढंच म्हणाली.

डोमाजीनं मला पाहून खुर्ची पुसली. मी कसा आहे विचारलं नाही, कोटच काढून दिला. मी घातला. आरशासमोर उभा राहिलो. डोमाजीनं बटण लावून कमरेपाशी आत बोटं घालून पाहिली, तीन गेली. खांदा जिथे हवा तिथे. बाहीखालून शर्टाची कड बरोबर अर्धा इंच. पाठ उघडी, हलकी, कोट घातलाय असं वाटेना. आजवर अंगाला लागलेल्या कोटांत हा सगळ्यात चांगला आहे. पाठीच्या मध्ये मात्र ती रेघ, बारीक, पण आहे.

"कापलं नाहीत," मी म्हणालो. भांडायचं म्हणून नव्हे.

त्यानं कोट काढून घेतला आणि आतली बाजू उघडून दाखवली. दाबलेल्या कापडावर निळ्या दोऱ्यानं लांब टाके घातले होते. एक रेघ साडेअडतीसवर, पुढची चाळीसवर, सगळ्यात कडेची बेचाळीसवर. "जसजसे भरसान तसतशी एकेक शिवण खोलून देईन," म्हणाला. "कापून टाकलं असतं तर हेच कापड परत कुठून आणलं असतं?"

मी विचारलं, त्याला इतक्या आधी कसं कळलं?

तो मशीनवरची धूळ पुसत राहिला. मग म्हणाला, "कुसुम. माझी बायको. तिचे ब्लाउज मीच शिवत होतो. ढिले व्हाले लागले. ती म्हणे, आत घ्या. मी आत घेतलं. दोन महिन्यांनी परत आत घेतलं. सफाई पाहिजे म्हणून आतलं कापड कापत गेलो. पाणी लय पीत होती. मले वाटलं, उन्हाळा आहे." फडकं झटकलं. "माप माझ्याच हातात होतं साहेब. वहीत तारीख टाकली असती तर दिसलं असतं. तेव्हापासून तारीख टाकतो. अन् कोणाचं कापड कापत नाही."

सतरा वर्षं झाली म्हणे तिला जाऊन. दोन हजार सोळा साली मी याच दुकानात कोट शिवला, इथेच या खुर्चीवर बसलो, आणि घरी कोण आहे एवढंही कधी विचारलं नव्हतं. मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

त्यानं शेजारच्या टपरीवरून चहा मागवला. टपरीवाल्याला ओरडून सांगितलं, "एक बिना शक्कर." मी प्यालो. मग माठातलं पाणी मागून घेतलं. तहान तशी नव्हती.

३० जून, सोमवार

संपलं. चौतीस वर्षं संपली.

आभाळ भरून आलेलं, हवा ओली, सभागृहातले तीन पंखे मेले होते. कोट घालून मी आत शिरलो आणि अख्खं ऑफिस टक लावून बघायला लागलं. ऑफिसच्या मोठ्या साहेबांनी भाषण केलं, माझं नाव दोनदा चुकवलं. त्यांच्या कोटाला तीन बटणं होती आणि तिन्ही लावलेली. मी पाहिलं, आणि कोणाला सांगितलं नाही. झेंडूचा हार फिक्या करड्यावर पिवळे डाग पाडणार हे मला दोन महिन्यांपासून ठाऊक होतं. पाडले.

खोव्याची जलेबी माझ्यासमोर आली. योगेशनं ती मुकाट्यानं उचलून दुसरीकडे ठेवली आणि भाजलेले फुटाणे ठेवले.

श्रीकांत आला होता. येईल असं वाटलं नव्हतं. साधा बुशशर्ट घालून मागच्या रांगेत बसला होता. शेवटी भेटायला आला, हात मिळवला, मग माझ्या पाठीकडे गेला आणि थांबला. चौतीस वर्षांत त्याला पहिल्यांदाच संधी मिळाली होती. "पाठीची शिवण जाड दिसून राहिली, श्रीरंग," तो म्हणाला. मोठ्यानं नाही. माझ्यासारखं तिसऱ्या रांगेपर्यंत नाही.

"आत कापड ठेवलंय," मी म्हणालो. "मुद्दाम."

तो मान हलवून निघाला. मी त्याला हाक मारली. "श्रीकांत, तुझ्या त्या कोटाचं कापड फार चांगलं होतं. मी त्या दिवशी हात लावून पाहिलं होतं. सांगितलं नाही. पोराला सांग."

तो वळला. मग डोळे पुसायला रुमाल काढला. आज घाम नव्हता.

जीप उभी होती, ढोलवाले तयार. माझं घर चेरीतालला, सरळ रस्ता. मी ड्रायव्हरला म्हणालो, अधारतालवरून घे. योगेश म्हणाला, "सर, उलटं पडेल." मी म्हणालो, पडू दे. ढोल वाजवत आम्ही त्या दुकानांच्या रस्त्यानं गेलो, लोक बाहेर येऊन बघायला लागले, आणि डोमाजीच्या दारात मी जीप थांबवली.

तो गळ्यात फीता घेऊन पायरीवर आला. ढोलाकडे पाहिलं नाही, हाराकडे पाहिलं नाही, माझ्या तोंडाकडेही नाही. मला खाली उतरायला लावलं, कोटाचं बटण लावलं आणि कमरेपाशी आत बोटं घातली. परवा तीन बोटं जात होती. दोन गेली, तिसरं अडलं.

"एक बोट भरलं साहेब," तो म्हणाला. खिशातून पेन्सिल काढली आणि वही आणायला आत गेला.